नव्या आवृत्तीत नवे काय

मूडलची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. हे महिने ज्यांनी ठरवले त्यांना महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची परीक्षेची वेळापत्रकं कुणी दाखवलेली दिसत नाहीत. एप्रिल म्हणजे आमच्याकडे उन्हाळी परीक्षा आणि ऑक्टोबर म्हणजे हिवाळी परीक्षेची घाई. पूर्वी बरं होतं. आवृत्त्या साधारण मे आणि नोव्हेंबरात निघायच्या, म्हणजे एक आंब्याच्या दिवसांत आणि दुसरी दिवाळीच्या आसपास. जगात काय नवीन आलं ते कॉलेज उघडेपर्यंत कळायचं नाही आणि उघडल्यावर कुणी विचारायचं नाही. २०२३ पासून ती सोय गेली. आता टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, खिशात सुपरव्हिजनच्या ड्युटीचा कागद आणि पडद्यावर 'नव्या आवृत्तीत नवे काय' अशी लांबलचक यादी.

ज्यांचा कॉलेजशी संबंध इंटरनेट यायच्या आधीच संपला त्यांच्यासाठी सांगतो. मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर आहे. नोट्स ठेवा, असाइनमेंट घ्या, चाचणी लावा, गुण मांडा, आणि कोण कधी आलं, काय उघडलं, किती वेळात पळालं याची नोंद ते आपोआप ठेवतं. मुंबईच्या आयआयटीत ते चालतं आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजातही चालतं. तिथे ते शिकवण्यासाठी बसवलं असावं. आमच्याकडे कॉलेजांचं मूल्यमापन करणारी नॅकची समिती येणार म्हणून बसवलं. ते फुकट मिळतं, हा गुण व्यवस्थापनाला सगळ्यांत आधी पटला.

तर ही 'नवे काय'ची यादी मी आवडीनं वाचतो. स्टाफरूममध्ये माझ्याकडे या कारणासाठी थोड्या काळजीनं पाहिलं जातं, कारण यादीतली एकही सोय आमच्या कॉलेजात नसते. आमचं मूडल ज्या आवृत्तीवर थांबलं आहे ती आवृत्ती तिच्या कर्त्यांनी केव्हाच ओवाळून टाकली. साध्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या दीड वर्ष मिळतात आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षं. आम्ही त्या दोन्ही मुदतींच्या पलीकडे सुखात आहोत. एकदा मी कम्प्युटरच्या सरांना विचारलं होतं.

"सर, अपग्रेड कधी करायचं?"

"आधी सर्व्हरवरचं पीएचपी वर न्यावं लागेल."

"मग न्या की."

"पीएचपी वर नेलं की अ‍ॅडमिशनचं सॉफ्टवेअर पडतं."

"मग ते दुरुस्त करायला ज्यानं बनवलं त्याला बोलवा."

"तो पुण्याला गेला."

महाराष्ट्रात पुष्कळ संभाषणं या वाक्यापाशी संपतात. त्यामुळे मी यादी वाचतो ती वापरण्यासाठी नव्हे. प्रत्येक नवी सोय हे कुणाच्या तरी कुरकुरीचं उत्तर असतं. उत्तर छापलेलं असतं, कुरकुर छापलेली नसते. ती कुणाची असेल, हे ओळखण्यात माझी संध्याकाळ चांगली जाते.

चाचणी सोडवताना पडद्यावर उलटं धावणारं घड्याळ विद्यार्थ्याला झाकून ठेवता येतं, अशी सोय मध्यंतरी आली. नोंद एका ओळीची. पण तिच्यामागे कुठली तरी मुलगी असणार. उत्तर येत होतं, पण सेकंद पळताना पाहून तिच्या पोटात गोळा आला असेल. तिनं सरांना सांगितलं असेल, सर म्हणाले असतील, "घड्याळाकडे बघू नकोस." आणि ते वाक्य अक्षरशः अमलात आणावं असं तिसऱ्याच कुणाला तरी वाटलं असेल. ४.२ आवृत्तीत अनेक घटक एकदम निवडून हलवण्याची, लपवण्याची, पुसण्याची सोय झाली. इथे तर मला एक प्राध्यापक डोळ्यांसमोर दिसतात. वर्षभराच्या सगळ्या पीडीएफ एकेक करून लपवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आहे की हा वर्ग दुसऱ्याच वर्षाचा होता. ४.५ मध्ये असाइनमेंटची मुदत जवळ आली की मुलांना आपोआप आठवण जाऊ लागली. यामागची तक्रार शोधायला परदेशात जायला नको. ती आमच्या व्हरांड्यात रोज ऐकू येते: "सर, आम्हाला माहीतच नव्हतं." आता ही सोय आमच्यापर्यंत पोचेल तेव्हा मुलं काय म्हणतील तेही मला माहीत आहे. "सर, नोटिफिकेशन बंद होतं."

मूडलची तक्रारवही सगळ्या जगाला उघडी आहे. प्रत्येक तक्रारीला 'एमडीएल' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. कुणीही खातं उघडून गाऱ्हाणं मांडावं, दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला मत द्यावं, खाली आपलंही दुःख जोडावं. एखादं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं पडून राहतं आणि मग एका एप्रिलात अचानक 'नवे काय'मध्ये एक ओळ होऊन बसतं. मला हे फार लोभस वाटतं. आमच्या तक्रारींना क्रमांक नसतात. त्या साडेअकराच्या चहाबरोबर निघतात आणि कप धुवायला जाईपर्यंत मिटतात. मूडल कसं असावं याविषयी आमच्या स्टाफरूममध्ये जेवढे मौलिक विचार व्यक्त झाले आहेत तेवढ्यांत दोन नव्या आवृत्त्या सहज निघाल्या असत्या. पण लेखी काही द्यायचं म्हटलं की "आपण कशाला उगीच" असं म्हणण्याची आमच्यात जुनी शिस्त आहे.

ज्यानं हे सगळं सुरू केलं तो मात्र तक्रार करून गप्प बसणारा नव्हता. मार्टिन डुजियामास हा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढलेला मुलगा. त्याची शाळा शॉर्टवेव्ह रेडिओवर भरायची आणि अभ्यासाचे कागद टपालानं, विमानातून यायचे. शिक्षक दिसत नाही, वर्ग दिसत नाही, मधूनच खरखर होते आणि प्रश्न अर्धाच ऐकू येतो. आमच्या मुलांनी २०२० मध्ये जे भोगलं ते हा माणूस लहानपणीच भोगून बसला होता. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात तो वेबसीटी नावाचं विकतचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. त्यावर तो वैतागला आणि स्वतःचं बनवायला बसला. २० ऑगस्ट २००२ रोजी मूडलची १.० आवृत्ती बाहेर पडली. म्हणजे मुळात मूडल हीच एक लांबलेली तक्रार आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत ब्लॅकबोर्ड नावाची कंपनी या धंद्यात मोठी होत होती. वेबसीटी तिनं विकत घेतली आणि २००६ मध्ये तिला एक पेटंट मिळालं. पेटंटचा गाभा असा, की एकाच खात्यानं आत आलेला माणूस एका वर्गात शिक्षक असू शकतो आणि दुसऱ्या वर्गात विद्यार्थी. या कल्पनेच्या जोरावर लगोलग एका स्पर्धक कंपनीवर खटला भरला गेला आणि २००९ साली वरच्या न्यायालयात ते पेटंट टिकलं नाही. निकालपत्र मोठं तांत्रिक आहे. मला वाटतं, वारकरी संप्रदायातल्या कुणालाही साक्षीला बोलावलं असतं तर खटला दुपारपर्यंत निकालात निघाला असता. मुक्ताबाई निवृत्तिनाथांच्या शिष्या आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, चांगदेवांच्या गुरू. खातं एकच. काळ तेरावं शतक.

भूमिकांचा विषय निघालाच आहे. मूडलमध्ये प्रत्येकाला भूमिका मिळते: व्यवस्थापक, शिक्षक, विद्यार्थी, पाहुणा. आणि यांच्यामध्ये एक भूमिका आहे तिचं नाव 'संपादन न करणारा शिक्षक'. या माणसानं पेपर तपासायचे, गुण द्यायचे, मुलांच्या शंकांना उत्तरं द्यायची. वर्गातली एक पीडीएफसुद्धा हलवायची नाही. ही कल्पना परदेशात कुणाच्या डोक्यात आली असेल ती असो. आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यानं ती यादी पाहिली आणि आपल्या भूमिकेवर बोट ठेवलं. कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

एप्रिल २०२२ मध्ये ४.० आवृत्ती आली आणि त्यात सगळा चेहराच बदलला. डावीकडे वर्गाची अनुक्रमणिका आली, मेन्यू वर गेले, चित्रं बदलली. जगभरच्या शिक्षकांनी आनंद व्यक्त केला आणि मग 'गुण कुठे गेले' म्हणून शोधायला लागले. यादीत बदलाला नेहमी 'अधिक सुलभ' म्हणतात. सुलभ म्हणजे काय, हे वापरणाऱ्याच्या बोटांना विचारावं. बोटांना जुनी जागा पाठ असते आणि नवी जागा कितीही बरी असली तरी ती पाठ करेपर्यंत सेमिस्टर उलटतं.

मजा पुढेच आहे. मजकूर लिहायच्या चौकटीला एक संपादक लागतो, ठळक-तिरपं करणारी बटणं असलेला. पूर्वी तिथे टायनीएमसीई होता. २०१४ मध्ये त्याला हटवून अ‍ॅटो आला, स्वच्छ, सुटसुटीत, नवा म्हणून त्याचं कौतुक झालं. २०२२ च्या नोव्हेंबरात ४.१ आवृत्तीत टायनीएमसीई परत आला, पुन्हा नवा म्हणूनच. २०२५ मध्ये ५.० आली तेव्हा अ‍ॅटोला मूळ संचातून निरोप मिळाला. ही नोंद वाचून आमच्या विभागात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आम्ही अभ्यास मंडळाच्या बैठकांना बसलेली माणसं आहोत. एका पुनर्रचनेत 'कालबाह्य' म्हणून वगळलेली कविता पुढच्या पुनर्रचनेत 'नव्याने समाविष्ट' म्हणून परत येते आणि मधल्या काळात तिच्यावर कुणी एक ओळही लिहिलेली नसते.

मूडल आपल्या आवृत्त्यांना नुसते आकडे देतं, हे मला थोडं कोरडं वाटतं. ओपन एडएक्स नावाचा याच गोत्रातला मंच आहे. एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०१२ मध्ये काढलेल्या एडएक्सचं ते खुलं रूप, मुंबईच्या आयआयटीचं आयआयटीबॉम्बेएक्सही त्यावरच उभं राहिलं. तिथे आवृत्त्यांना इंग्रजी अक्षरक्रमानं झाडांची नावं देतात. अ‍ॅस्पेन, बर्च, सायप्रस ही थंड प्रदेशातली मंडळी आधी आली. मी नाद सोडला होता, तर एफवर फायकस आला, म्हणजे वड-पिंपळ-उंबराचं कूळ. आणि २०२५ साली टीवर टीक, आपला साग. ज्या वडाखाली पूर्वी शाळा भरायची त्याच्या कुळाचं नाव मिळालेली आवृत्ती निदान एकदा वापरून पाहावी अशी माझी इच्छा आहे. पण इथे कम्प्युटरच्या सरांना विचारण्यात अर्थ नाही.

सोयी येतात त्या कुरकुरीतून, असं मी म्हटलं. मग ज्यांनी कुरकुर लेखी दिली नाही त्यांचं काय होतं, हे आमच्या हजेरीपटात दिसतं. मूडलला माणसाचं एक नाव लागतं आणि एक आडनाव लागतं, दोन्ही सक्तीची. २०१३ पासून मधल्या नावाचा रकाना मिळतो, नावाचा उच्चार लिहायला वेगळे रकाने मिळतात. उच्चाराच्या रकान्याचा जपानी नावांना फार उपयोग होतो. तिथल्या शिक्षकांनी मागितलं असणार, मिळालं. आमच्याकडे हजेरीपटावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. मुलं फॉर्म भरताना हे तिन्ही पहिल्याच चौकटीत कोंबतात. दुसरी चौकट सक्तीची म्हणून तिथे नुसतं टिंब देतात. त्यामुळे आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं आडनाव, मूडलच्या दृष्टीनं, टिंब आहे. नावांच्या वर ए ते झेड अक्षरांची पट्टी असते. तिच्यात 'पी' दाबलं की पाटील आणि पवारांची जत्रा, 'जे' दाबलं की जाधव, आणि 'क्यू' नि 'एक्स' कायमचे ओसाड. त्यात आता नवी भर पडणार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुलं कॉलेजात येतील २०४२ च्या सुमाराला. एमडीएल क्रमांक आत्ताच घेऊन ठेवावा असं मी एकदा सुचवलं. "आपण कशाला उगीच," असं उत्तर आलं.

वेळेचाही असाच प्रकार आहे. असाइनमेंटच्या मुदतीची वेळ आपण हातानं बदलली नाही तर ती त्या तारखेच्या शून्य वाजून शून्य मिनिटांची धरली जाते. १५ तारीख लिहिली तर मुदत १४ तारखेच्या मध्यरात्रीच संपते. घड्याळाच्या शास्त्रानं हे निर्दोष आहे. पण ज्यांच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे आणि ज्यांचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो त्यांनी १५ तारीख म्हणजे १५ ची रात्र धरली तर त्यांचं काय चुकलं? वर्गातली निम्मी मुलं उशिरा आल्याच्या लाल अक्षरांत उभी राहतात. त्यांच्या बाजूनं अख्खं पंचांगशास्त्र उभं आहे हे त्यांना माहीत नसतं. माहीत असतं तर वाद घातला असता. आमची मुलं त्याऐवजी "सर, ग्रुपवर पाठवू का?" एवढंच विचारतात. ग्रुप म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. तिथे कुठलीच मुदत संपत नाही.

सहभागींच्या यादीत प्रत्येकाच्या पुढे 'शेवटची भेट' असा रकाना असतो. कुणाची तीन तासांपूर्वी, कुणाची सतरा दिवसांपूर्वी, आणि काहींच्या पुढे फक्त 'कधीच नाही'. हे वाचताना आधी राग यायचा. नंतर लक्षात आलं की 'कधीच नाही' असलेली मुलं वर्गात पहिल्या बाकावर बसतात आणि तीन तासांपूर्वी आलेल्यांचे चेहरे मला आठवत नाहीत. हे कोडं सोडवणारी आवृत्ती यायची आहे.

ऑक्टोबर २०२४ च्या ४.५ मध्ये सगळ्यांत गाजलेली सोय आली. शिक्षकाला बटण दाबून मजकूर तयार करून घेता येतो आणि विद्यार्थ्याला बटण दाबून पानाचा सारांश मिळतो. सगळ्या प्रकारच्या चर्चासत्रांत यावर चिंता व्यक्त झाली. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर एक झेरॉक्सचं दुकान आहे. माझ्या पन्नास पानी नोट्सच्या आठ पानी नोट्स तिथे फार वर्षांपासून मिळतात. कोण करतं ते मला कधी कळलं नाही, पण ते काम माझ्यापेक्षा नेटकं असतं. एका वर्षी तर त्यांनी माझा एक मुद्दा सारांशात इतका सुधारून लिहिला की पुढच्या वर्षी मी वर्गात तोच सांगितला. बटणाला ही खुबी साधेल का, याची मला शंका आहे. शिवाय दुकानदार आठ पानांवर 'हमखास येणार' असा शिक्का मारतो. तशी हमी मूडलनं अजून दिलेली नाही.

आता माझ्या स्वतःच्या गाऱ्हाण्याकडे येतो. ते मूडलचं नाही, कळफलकांचं आहे, आणि खरं म्हणजे एका अर्ध्या 'र'चं आहे.

चाचणीत 'लघुउत्तरी' नावाचा एक प्रश्नप्रकार असतो. शिक्षकानं बरोबर उत्तर आधी लिहून ठेवायचं, मुलानं टाइप केलेलं उत्तर त्याच्याशी जुळलं की गुण. त्यात एक पर्याय आहे: अक्षरं लहान-मोठी असल्याचा फरक धरायचा का? देवनागरीत मोठी लिपी-छोटी लिपी नाही, तेव्हा हा पर्याय आमच्यापुढे काही न करता नुसता उभा असतो. आम्हाला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धरायचा का, असं कुणी विचारलं असतं तर पाच पिढ्यांचे वैयाकरण धावून आले असते. ते कुणी विचारत नाही.

तेही चाललं असतं. पण मी प्रश्न घातला, आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राचं नाव काय? उत्तर 'कऱ्हेचे पाणी'. मुलांनी टाइप केलं 'कऱ्हेचे पाणी'. पडद्यावर दोन्ही एकमेकांखाली ठेवली तरी काना-मात्रेचाही फरक नाही. आणि निम्म्या मुलांना शून्य.

भानगड अशी की डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा हा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्यासाठी खालच्या टिंबाचा वेगळा 'ऱ' घेतात. दुसऱ्या रीतीत साधा 'र' घेऊन त्याच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. त्या चिन्हाला रुंदी नाही, रूप नाही, पण यंत्राच्या लेखी ते अक्षराइतकंच खरं. काही कळफलक पहिल्या रीतीनं लिहितात, काही दुसऱ्या. मुलाला माहीत नसतं, मला माहीत नव्हतं, डोळ्याला दिसत नाही. मूडलनं बिचाऱ्यानं दोन वेगळ्या गोष्टींना वेगळं म्हटलं.

कम्प्युटरच्या सरांनी इलाज सांगितला. लघुउत्तरात तारांकन चालतं, त्याच्या जागी काहीही आलेलं चालतं. 'क' आणि 'हेचे' यांच्या मध्ये तारांकन नेमकं बसवलं तर काम भागतं. पण ते थोडं सैल पडून 'क', तारांकन, 'चे पाणी' असं झालं की कृष्णेचे पाणी बरोबर, कोयनेचे पाणीही बरोबर. अत्रे सासवडचे. कऱ्हा सोडून दुसऱ्या नदीचं पाणी त्यांनी सहन केलं नसतं, आणि ते त्यांच्या नावावर खपवणाऱ्या प्राध्यापकाला तर मुळीच नाही.

दुसरा इलाज सरळ होता. बरोबर उत्तरं एकाहून जास्त देता येतात. मी दोन्ही रीतींनी 'कऱ्हेचे पाणी' लिहिलं आणि दोघांपुढे शंभर टक्के टाकलं. उत्तरसूचीत एकाखाली एक, हुबेहूब सारख्या दोन ओळी. सेमिस्टर सुरळीत गेलं. मग चाचणीचा चार्ज एका मॅडमकडे गेला. मॅडम टापटिपीच्या. एकच उत्तर दोनदा पाहून त्यांनी एक ओळ पुसली. जी पुसली ती बहुसंख्य मुलांच्या मोबाइलमधली होती. 'संपादन न करणारा शिक्षक' ही भूमिका जगात कुणी आणि का निर्माण केली असेल, याचा दुसरा एक अंदाज मला त्या दुपारी आला.

मी ठरवलं, हे मात्र लेखी द्यायचं. एमडीएल क्रमांक घ्यायचा. इंग्रजीत मसुदा केला. 'आमच्या भाषेत एक अर्धा र आहे, तो पापणीसारखा दिसतो आणि दोन प्रकारे जन्मतो,' असं वाक्य इंग्रजीत उतरलं तेव्हा ते तक्रारीपेक्षा लोककथेच्या जवळ गेलं. इंग्रजीच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी दोन स्वल्पविराम घातले आणि विचारलं, "हा र येतो कितीशा शब्दांत? अगदीच एखाद्यात येत असेल तर ते लक्ष देणार नाहीत."

म्हणून मी यादी करायला बसलो. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. 'शेतकऱ्याचा असूड'. कऱ्हाड, सह्याद्रीच्या दऱ्या, पंढरीच्या वाऱ्या, कोऱ्या पाट्या. खुद्द 'ऱ्हस्व' हा शब्द. जोतीरावांच्या १८८३ च्या पुस्तकाचं नावच यंत्राच्या कचाट्यात सापडतं म्हटल्यावर माझ्या मसुद्याला धार आली आणि तो तीन पानांचा झाला. कम्प्युटरचे सर मागे उभे राहून वाचत होते.

"सर, समजा त्यांनी ऐकलं. समजा पुढच्या ऑक्टोबरात सोय आली. आपल्याकडे कधी येईल?"

मी उत्तर दिलं नाही.

"चाचणी सोमवारी आहे," ते म्हणाले. "त्यापेक्षा 'ऱ्या' नि 'ऱ्हे' नसलेले प्रश्न काढा ना."

काढून पाहिले. अत्र्यांना 'झेंडूची फुले'वर भागवता आलं. फुल्यांच्या बाबतीत 'असूड' सोडून 'गुलामगिरी' विचारावी तर ती मागच्याच सेमिस्टरला झाली होती. लक्ष्मण देशपांड्यांना वऱ्हाडाशिवाय कुठे न्यायचं ते सुचेना.

"मग जोड्या लावा विचारा," सर जाता जाता म्हणाले. "त्यात पोरांना टाइप करायचंच नसतं."

डावीकडे लेखक, उजवीकडे पुस्तकं, मुलांनी नुसतं निवडायचं. सोमवारी चाचणी झाली आणि कुणाचाच 'र' हरवला नाही. हा प्रकार मूडलमध्ये फार जुन्या आवृत्त्यांपासून आहे. त्यामुळे 'नवे काय'च्या एकाही यादीत तो माझ्या वाचनात आला नव्हता.